रेकॉर्डची छोटी दुकाने कशी तगली

नवे यंत्र आले की जुना धंदा बुडतो, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की, एखादा धंदा बुडाल्याचे कळताच आपण यंत्राकडे बोट दाखवून मोकळे होतो. मग अधिक चौकशी कोणी करीत नाही. रेकॉर्डच्या दुकानांच्या बाबतीत तर हा निकाल केव्हाच लागून गेला आहे. गाणे संगणकावर आले, पुढे खिशातल्या फोनवर आले, आणि तबकडी विकणारा दुकानदार नाहीसा झाला, असे आपण म्हणतो. आज मी ब्रिटनमधील रेकॉर्डच्या दुकानांची हकीकत सांगणार आहे, ती या निकालावर फेरविचाराचा अर्ज म्हणून. कारण तेथे जे घडले ते या समजुतीत नीट बसत नाही. त्या देशात यंत्राच्या माऱ्याखाली प्रथम कोसळले ते बडे दुकानदार. छोटे जखमी झाले, पुष्कळ मेले, परंतु उरले ते आज उभे आहेत.

२००७ सालचा उन्हाळा घ्या. जूनच्या अखेरीस ‘फॉप’ नावाच्या साखळीची शंभरांहून अधिक दुकाने एका झटक्यात बंद झाली. दारांना कुलपे लागली, नोकर घरी गेले. आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या पूर्व भागात, ब्रिक लेनला लागून असलेल्या एका जुन्या बिअरच्या कारखान्याच्या आवारात, ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र दुकानाने सुमारे ५००० चौरस फुटांची नवी जागा थाटली. वर्तमानपत्रे रोज रेकॉर्डच्या धंद्याची मृत्युलेखवजा टिपणे छापीत होती. अशा वेळी एवढी मोठी जागा घेणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, किंवा इतरांना ठाऊक नसलेली काही गोष्ट त्याला ठाऊक असली पाहिजे. ती गोष्ट कोणती, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वेल्सची राजधानी कार्डिफ येथे हेन्री स्पिलर या गृहस्थाने १८९४ साली एक दुकान काढले. ‘स्पिलर्स’ या नावाने ते आजही ओळखले जाते आणि जगातील सर्वांत जुने रेकॉर्डचे दुकान म्हणून त्याची ख्याती आहे. आरंभी तेथे फोनोग्राफ, मेणाच्या नळकांड्या आणि लाखेच्या तबकड्या विकल्या जात. हे दुकान निघून आठ वर्षे झाली, तेव्हा १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला येऊन गौहरजानचे गाणे टिपून घेऊन गेला. म्हणजे आपल्याकडे पहिली तबकडी भरली जाण्यापूर्वीपासून हे दुकान चालू आहे. याच ग्रामोफोन कंपनीने २० जुलै १९२१ रोजी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ३६३ क्रमांकाच्या इमारतीत आपले स्वतःचे भव्य दुकान उघडले. उद्घाटनाला विख्यात संगीतकार सर एडवर्ड एल्गर होते. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला तो कुत्रा आपल्याकडच्या जुन्या घरांतील फोनोच्या पेटीवरून सर्वांच्या ओळखीचा आहे; त्या कुत्र्याचे हे मूळ घर.

या दोन दुकानांत एक फरक आहे आणि तो लक्षात ठेवला पाहिजे. ऑक्सफर्ड स्ट्रीटचे दुकान हे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचेच होते; पुढे त्याची देशभर साखळी झाली. कार्डिफचे दुकान एका माणसाचे. मागवायचे काय, भिंतीवर लावायचे काय आणि गिऱ्हाइकाला हळूच सुचवायचे काय, हे सारे तो माणूसच ठरविणार. ‘स्वतंत्र’ दुकान म्हणजे दुसरे काही नव्हे.

आता दुकानदार ठरवितो म्हणजे करतो काय? लिव्हरपूलचे एक उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. तेथे ब्रायन एप्स्टाइन नावाचा तरुण आपल्या कुटुंबाच्या ‘नेम्स’ या दुकानातील रेकॉर्डचा विभाग सांभाळीत असे. गिऱ्हाइकाने मागितलेली कोणतीही रेकॉर्ड, मग ती एकच का असेना, मागवून द्यायचीच, असा त्याचा नियम होता. १९६१ सालच्या शरदात लोक त्याच्याकडे जर्मनीत निघालेली एक अपरिचित रेकॉर्ड मागू लागले. ती शोधता शोधता तो गावातल्याच एका तळघरातील क्लबात पोहोचला आणि तेथे त्याने बीटल्स हे चार तरुण गाताना पाहिले. ही हकीकत एप्स्टाइनने स्वतः लिहिली आहे. तिच्या तपशिलाविषयी अभ्यासकांत वाद आहेत, तो भाग सोडा. पुढची गोष्ट निर्विवाद आहे. डेक्का कंपनीने या मुलांना नकार दिल्यावर १९६२ च्या फेब्रुवारीत एप्स्टाइन त्यांच्या गाण्याची फीत घेऊन ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्याच दुकानात गेला. फितीवरचे गाणे तबकडीवर कोरून देण्याची सोय तेथे होती. कोरणाऱ्या तंत्रज्ञाला गाणे आवडले. त्याने त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असलेल्या संगीत-प्रकाशकाकडे शब्द टाकला, आणि तेथून धागा पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिनपर्यंत गेला. एका दुकानदाराचा नियम आणि दुसऱ्या दुकानातील एका कारागिराचा कान! बीटल्सच्या भाग्योदयात गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसांचा वाटा एवढा आहे.

ही गोष्ट साखळीच्या दुकानातही घडू शकली, हे खरे. परंतु ती १९६२ ची साखळी होती. पुढे पुढे साखळ्यांत माल निवडण्याचे काम मुख्य कचेरीत गेले आणि गल्ल्यावरच्या माणसाच्या मताला किंमत उरली नाही. छोट्या दुकानांत ते मत उरले. एवढेच नव्हे, तर १९७० नंतरच्या काळात त्याला अधिकच धार आली.

जेफ ट्रॅव्हिस या तरुणाने १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये केन्सिंग्टन पार्क रोडवर ‘रफ ट्रेड’ हे दुकान काढले. अमेरिकेच्या प्रवासात गोळा केलेल्या रेकॉर्डच त्याच्या आरंभीच्या भांडवलात होत्या. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या तरुणांनी आपली चार गाण्यांची एक रेकॉर्ड स्वखर्चाने काढली. पहिल्या खेपेस फक्त १००० प्रती दाबून घेतल्या होत्या. कोणत्याही मोठ्या कंपनीचा हात पाठीशी नसता ती हजारोंनी खपली, ती अशाच दुकानांतून आणि त्यांच्या टपाल-विक्रीतून. तेव्हा दुकानदारांच्या ध्यानात आले की, माल विकणारे आपण, मग माल पोचविणारेही आपणच का होऊ नये? रफ ट्रेडने १९७८ साली स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढण्यास सुरुवात केली. लवकरच लिव्हरपूलचे ‘प्रोब’, ब्रिस्टलचे ‘रिव्हॉल्व्हर’, यॉर्कचे ‘रेड ऱ्हायनो’, नॉर्विचचे ‘बॅक्स’ अशा गावोगावच्या दुकानांशी हातमिळवणी करून वितरणाची एक जाळी उभी राहिली. ‘द कार्टेल’ हे तिचे नाव. नावात थोडी थट्टाच होती, कारण बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडणे हाच तिचा उद्देश होता. एडिंबरोच्या एखाद्या मुलाने भरलेली रेकॉर्ड लंडनच्या कोणा साहेबाच्या मर्जीवाचून ब्रिस्टलच्या फळीवर येऊ लागली, हे त्या काळी फार मोठे काम होते.

१९९१ साली रफ ट्रेडचा हा वितरणाचा डोलारा कर्जाखाली कोसळला आणि कित्येक छोट्या प्रकाशकांचे पैसे त्यात बुडाले. दुकान मात्र वाचले! कारण जवळजवळ दशकभर आधीच दुकानातील नोकरांनी ते विकत घेऊन वेगळे काढले होते. मोठा व्याप कोसळावा आणि गल्ला तेवढा उभा राहावा, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसेल.

तरीही ही छोटी दुकाने निव्वळ ध्येयवादावर जगत होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांची रोजची भाकर येत असे ती लोकप्रिय गाण्यांच्या विक्रीतून, आणि तिच्यात एक छुपी मेख होती. ब्रिटनमध्ये दर आठवड्याला सर्वाधिक खपलेल्या गाण्यांची यादी प्रसिद्ध होते. ती नभोवाणीवर वाचली जाते आणि तिच्यात नाव लागले की खप आणखी वाढतो. १९६९ पासून ही यादी देशातील सुमारे २५० निवडक दुकानांच्या नोंदवह्यांवरून तयार होऊ लागली. कोणती दुकाने निवडलेली आहेत हे गुपित असावयाचे. परंतु असले गुपित किती दिवस टिकते? कंपन्यांचे प्रतिनिधी मोटारीत रेकॉर्ड भरून त्या दुकानांच्या दाराशी येऊ लागले. आमच्या या रेकॉर्डची नोंद तेवढी वहीत होऊ द्या, आणि या दहा-वीस प्रती तुमच्याकडे फुकट राहू द्या, असा सौदा. १९८३ पासून वह्यांच्या जागी यंत्रे आली, पण फुकट मालाची प्रथा लगेच थांबली नाही. तिच्या बळावर कित्येक दुकानांना साखळ्यांच्या तोडीचे भाव लावता येत असत. नीतीच्या दृष्टीने हा प्रकार चांगला नव्हता हे सांगायला नकोच. पण हिशेबाच्या दृष्टीने तो आधार होता. यादीत सगळ्याच मोठ्या विक्रेत्यांचे आकडे थेट येऊ लागले, तसा तो आधार सुटला.

मग सुपरमार्केटे आली. दूध, पाव, साबण घ्यायला आलेल्या बाईच्या हाती आठवड्यातील पहिल्या चाळीस सीडींपैकी एखादी पडावी, म्हणून ती जवळजवळ खरेदीच्या भावाने विकली जाऊ लागली. सुपरमार्केटला सीडीवर नफा नको होता. त्याला फक्त गिऱ्हाईक दारात हवे होते. रेकॉर्डच्या दुकानदाराला मात्र त्याच चाळीस सीडींवर भाडे काढायचे होते आणि उरलेल्या चार हजारांचा शौक चालवायचा होता.

यानंतरचा घाव जिव्हारी लागला, आणि त्याचा यंत्राशी काही संबंध नव्हता. तो कराचा घाव होता. ब्रिटनमध्ये विक्रीच्या किमतीवर व्हॅट लागतो. त्या वेळी त्याचा दर साडेसतरा टक्के होता. परंतु युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेरून येणाऱ्या अठरा पौंडांपर्यंतच्या लहानशा पार्सलावर हा कर माफ असे. हेतू सरळ होता. चिल्लर पार्सलांवर कर वसूल करण्याचा खर्च त्यातून येणाऱ्या उत्पन्नाहून अधिक, म्हणून सूट. आता इंग्लिश खाडीत जर्सी आणि ग्वेर्न्सी ही बेटे अशी आहेत की, ती ब्रिटिश राजमुकुटाखाली खरी, पण या करक्षेत्राच्या बाहेर. चतुर व्यापाऱ्यांनी बेटांवर गोदामे बांधली. सीडी इंग्लंडातून बेटावर जाई आणि टपालाने परत इंग्लंडात येई. तेवढ्या जलप्रवासाने ती करमुक्त होई. गंगेत बुडी मारल्याने पापे धुतली जातात असे आपण म्हणतो. येथे खाडी ओलांडल्याने कर धुतला जाई! दहा पौंडांच्या सीडीत सुमारे दीड पौंड कराचा असतो. गावातला दुकानदार तो इमानाने भरीत होता आणि तेवढ्यानेच महाग ठरत होता. प्रथम एक-दोन नव्या कंपन्यांनी हे केले. पाहता पाहता नामांकित साखळ्या आणि सुपरमार्केटेही आपली टपाल-विक्री बेटांवर घेऊन गेली.

या पळवाटेविरुद्ध छोट्या विक्रेत्यांनी अनेक वर्षे लढा दिला. अखेर १ एप्रिल २०१२ पासून सरकारने या बेटांपुरती ती सवलत रद्द केली. बेटांची सरकारे न्यायालयात गेली आणि हरली. पण तोवर दहा वर्षांत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्वतंत्र रेकॉर्ड-दुकाने दोन हजारांहून अधिक होती असे सांगतात. २००९ साली त्यांची गणती २६९ वर आली. ग्रॅहम जोन्स या वितरकाने त्याच वर्षी उरलेल्या दुकानांची यात्रा करून एक पुस्तक लिहिले. ‘शेवटचे उभे असलेले दुकान’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. नावावरूनच त्या वेळची मनःस्थिती कळावी.

आणि डिजिटल युग? ते तर याच काळात आले, आणि त्याची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९९९ साली नॅप्स्टरने गाण्यांची फुकट देवघेव सुरू केली, २००४ मध्ये ॲपलचे गाण्यांचे दुकान ब्रिटनमध्ये संगणकावर उघडले, २००८ साली स्पॉटिफाय आले. परंतु काळाचा क्रम नीट पाहा. चोरी, उतरवून घेणे आणि नंतरचे स्ट्रीमिंग यांनी प्रथम आणि सर्वाधिक हिरावून घेतले ते लोकप्रिय गाण्यांचे गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक छोट्या दुकानांच्या हातून सुपरमार्केटांनी आणि बेटावरच्या गोदामांनी आधीच काढून नेले होते. जे गेले त्याच्याविना जगावे कसे, हे शिकण्याला छोट्यांना काही वर्षे मिळाली होती. मोठ्यांना ती मिळाली नाहीत. हमरस्त्यावरची प्रचंड जागा, तिचे तसेच प्रचंड भाडे आणि ते भागविण्यासाठी मोजक्याच नावांचा लाखोंचा खप, हा त्यांचा हिशेब होता. खप आटताच तो हिशेब आठवड्यांत मोडला. २००८ च्या नोव्हेंबरात वुलवर्थ कोसळले, आणि त्याच्याच घाऊक शाखेवर मालासाठी विसंबून असलेली ‘झॅव्ही’ ही साखळी महिन्याभरात त्यामागून गेली. जानेवारी २०१३ मध्ये खुद्द एच.एम.व्ही.चा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०१८ च्या डिसेंबरात पुन्हा तीच वेळ आली. अमेरिकेत सॅक्रामेंटो येथे १९६० साली सुरू झालेल्या टॉवर रेकॉर्ड्सची तेथील सर्व दुकाने २००६ च्या अखेरीस बंद झाली होती. जपानातील शाखा मात्र तिच्यापासून आधीच वेगळी झाली होती, म्हणून ती तरली. पुन्हा तीच वेगळे निघण्याची गोष्ट!

तेव्हा ब्रिक लेनच्या दुकानदाराला जे ठाऊक होते ते हे. लोकप्रिय माल गेला असला तरी निवड करून देणारा माणूस हवा असणारे गिऱ्हाईक गेलेले नाही, आणि त्या गिऱ्हाइकाला हात लावण्याजोगी वस्तू हवी आहे. ही वस्तू म्हणजे काळी तबकडी. सीडी आल्यावर बड्या कंपन्यांनी तिचे उत्तरकार्य उरकून टाकले होते. परंतु नृत्यगृहांत गाणी लावणारे डीजे, जुन्या मालाचे शोधक आणि काही हट्टी तरुण यांच्यासाठी छोट्या दुकानांनी आपल्या खोक्यांतून ती जपून ठेवली होती. शिवाय जुन्या तबकडीच्या विक्रीत कंपनीचा वाटा नसतो. मोलभाव करून घेतलेल्या जुन्या मालावर दुकानदाराला नव्याहून बरा नफा सुटतो. जुन्या मालाचा हा गल्ला नसता तर नव्या मालाचा शौक कितीजणांना परवडला असता, याची मला शंका आहे.

याच सुमारास अमेरिकेतील स्वतंत्र दुकानदारांची एक बैठक २००७ मध्ये बाल्टिमोर येथे भरली आणि तेथे एक कल्पना निघाली. वर्षातून एक शनिवार फक्त आपल्या दुकानांचा म्हणून साजरा करावा आणि त्या दिवसासाठी कलावंतांनी काही खास तबकड्या काढाव्यात. त्या फक्त याच दुकानांत, प्रत्यक्ष येणाऱ्याला मिळतील. संगणकावरून त्या दिवशी नाही. पहिला ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ १९ एप्रिल २००८ रोजी झाला आणि ब्रिटनमध्येही तो रुजला. पहाटे चारपासून रांगा लागू लागल्या. आकडे बोलके आहेत. ब्रिटनमध्ये २००७ साली मोठ्या तबकड्या सुमारे दोन लाख विकल्या गेल्या होत्या. २०२३ साली हा आकडा ५९ लाखांवर गेला. २०२२ मध्ये तर तबकड्यांचे उत्पन्न सीडींच्या पुढे गेले. तसे यापूर्वी १९८७ साली घडले होते.

येथे ही कथा सुखान्त करून मला थांबता आले असते. पण यश पाहून कोण स्वस्थ बसतो? ज्यांनी तबकडीला मूठमाती दिली होती त्या बड्या कंपन्या परत आल्या. आपल्या जुन्या लोकप्रिय संग्रहांच्या रंगीत आवृत्त्या त्या याच दिवसासाठी काढू लागल्या. तबकड्या दाबणारे कारखाने जगात मोजके उरलेले, यंत्रे बहुतेक जुनी. मोठ्यांच्या मागण्या आल्या की छोट्या प्रकाशकाचे काम महिनोन् महिने मागे पडे. त्यातच फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अपोलो मास्टर्स हा कारखाना जळून खाक झाला. तबकडीचा साचा तयार करण्यासाठी लाखेसारख्या द्रव्याचा लेप दिलेली जी मूळ पाटी लागते, ती बनविणारे जगात मुख्यतः दोनच कारखाने होते. त्यांपैकी हा एक. दुसरा जपानात. २०२१ साली ॲडेल या लोकप्रिय गायिकेच्या नव्या संग्रहाच्या पाच लाख तबकड्यांची मागणी कारखान्यांकडे गेली, तेव्हा रांगेत मागे उभे असलेल्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. तत्पूर्वी २०१५ साली दोन लहान ब्रिटिश प्रकाशकांनी यावर मोठा मार्मिक निषेध नोंदविला होता. त्यांनी एका तबकडीच्या ३६५ प्रती काढल्या आणि दररोज एक याप्रमाणे वर्षभर विकल्या. दुकानाचा दिवस वर्षातून एकच का, हा त्यांचा प्रश्न होता.

दुकानदाराच्या बाजूनेही अडचण आहेच. त्या दिवसाचा माल परत घेतला जात नाही. काय खपेल याचा अंदाज चुकला तर रविवारी सकाळी त्याच्या पैशाच्या थप्प्या फळीवर पडून राहतात. अंदाज बरोबर ठरला तर पहाटेच्या रांगेतले काही चलाख लोक तीच तबकडी दुपारी संगणकावर दुप्पट भावाने विकतात. नव्या तबकडीची किंमतही आता पंचवीस-तीस पौंडांच्या घरात गेली आहे. शाळकरी मुलाने खाऊच्या पैशातून एक रेकॉर्ड घ्यावी आणि तिच्यावाचून त्याला दुसरे काही सुचू नये, अशा गिऱ्हाइकांवर ही दुकाने वाढली. तो मुलगा आज दारातून आत येऊन किंमत पाहतो आणि फोनवर तेच गाणे ऐकत बाहेर पडतो. मला विचाराल तर दुकानांना खरे भय याचे आहे. धनिकांच्या छंदाची वस्तू विकणारे दुकान तगेल कदाचित; पण कोणत्या अपरिचित गाण्यासाठी ते आपली फळी मोकळी ठेवील?

आपल्याकडे पाहिले तर वस्तूच नसली म्हणजे काय होते ते दिसते. मुंबईत काळा घोडा भागातील ‘रिदम हाऊस’ हे नामांकित दुकान अनेक दशके चालून २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये तीस लाखांहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या. जाणते नोकर रिदम हाऊसमध्येही होते, गिऱ्हाइकांचे प्रेमही होते. पण आपल्याकडे तबकड्या दाबण्याचे कारखाने कधीच थंडावले होते. कॅसेट गेली, सीडी गेली. मग निवड करून देणाऱ्याने निवडायचे ते कशातून?

कार्डिफच्या स्पिलर्सवर संकट आले ते वेगळ्याच बाजूने. १९४० च्या दशकापासून ते शहराच्या मध्यभागी एका कोपऱ्यावर होते. २००६ च्या सुमारास आसपासच्या भागाची पुनर्रचना सुरू झाली आणि वाढत्या भाड्याने ते बंद पडण्याची वेळ आली. हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या, वेल्समधील नामवंत गायक पुढे आले, विधिमंडळातही विषय निघाला. भाड्यापुढे तरीही मार्ग निघाला नाही. २०१० साली दुकान जवळच्याच मॉर्गन आर्केडमध्ये, एका जुन्या छताखालच्या गल्लीत, हलले. त्याच सुमारास वडिलांकडून मुलींनी ते हाती घेतले. ११६ वर्षांचे दुकान फळ्या आणि खोक्यांसह नव्या जागेत गेले, आणि दुसऱ्या दिवशी तीच गिऱ्हाइके तेथे आली.

दरम्यान सुपरमार्केटही परत आले होते. टेस्कोने २०१५ साली तबकड्या विकायला घेतल्या. एच.एम.व्ही. कॅनडातील नव्या मालकाच्या हाती उभी राहिली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्याच ३६३ क्रमांकावर पुन्हा उघडली. छोट्यांनी यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. लंडनजवळच्या किंग्स्टन येथील ‘बँक्वेट’सारखी दुकाने आता गाण्याचे कार्यक्रमच करतात. कधी ते दुकानातच खोकी बाजूला सारून होतात, कधी शेजारच्या नाचघरात. तिकीट आणि नवी तबकडी एकत्र विकली जाते, आणि ती विक्री त्या आठवड्याच्या यादीत मोजली जाते. म्हणून नवी रेकॉर्ड निघाली की मोठमोठ्या कंपन्या आपल्या गायकांना गावोगावच्या दुकानांच्या फेरीवर पाठवितात. पन्नास वर्षांपूर्वी वहीतल्या एका नोंदीसाठी कंपनीचा माणूस मोटारीत रेकॉर्ड भरून दाराशी येत असे. आता त्याच नोंदीसाठी खुद्द गायकच गिटार घेऊन येतो, दुपारी एका गावात गातो आणि संध्याकाळी दुसऱ्या. फुकट प्रती मात्र आता कोणी ठेवून जात नाही. तबकडीची किंमत तिकिटातच धरलेली असते.